लिटल मोर्टन हॉल : आर्किटेक्टशिवाय उभं राहिलेलं घर

ओकपर्ण
लिटल मोर्टन हॉलचा फोटो पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की कॅमेराच तिरका धरलाय. तसं नाहीये, घरच तसं आहे. इंग्लंडमधे चेशायर परगण्यात काँगलटन गावाच्या जवळ, चारी बाजूंनी पाण्याचा खंदक आणि मधे हे लाकडी घर, दर्शनी बाजूला तीन मजले, त्यातल्या तिसऱ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या खिडक्याच खिडक्या, आणि एकही आडवी रेषा सरळ नाही. जमिनी उतरत्या, भिंती फुगलेल्या, छप्पर मधेच बसलेलं. पाचशे वर्षं झाली, उभं आहे.

इंग्लिश हवेली म्हटलं की आपल्याला सिरियलमुळे ती मोठी दगडी इमारत आठवते, मधे दरवाजा, दोन्ही बाजूंना मोजून सारख्या खिडक्या, पुढे हिरवळ. ती बरीचशी अठराव्या शतकातली फॅशन. मॅनर हाऊस त्याच्या कितीतरी आधीचं. गावच्या जमिनीचा मालक जिथे राहतो, कुळांकडून खंड घेतो, तंटेबखेडे मिटवतो ते घर. आणि ते बहुतेक वेळा एकदम बांधलेलं नसतं, पैसा आला की वाढवत नेलेलं असतं.

इथे मोर्टन घराणं होतं. प्लेगच्या साथीनंतर ओस पडलेल्या जमिनी घेत घेत आणि पुढे आठव्या हेन्रीने मठ बंद केल्यावर त्यांच्या जमिनी बाजारात आल्या त्याही घेत त्यांनी सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हजार एकरांच्या वर जमीन आणि दोन पाणचक्क्या जमवल्या. पहिल्या विल्यम मोर्टनने १५०४ ते १५०८ च्या सुमारास मधला मोठा हॉल बांधला, लगेच पूर्वेचा भाग आणि चॅपल (घरातलंच छोटं प्रार्थनाघर) सुरू झालं. १५४६ मधे हॉलच्या पश्चिमेची स्वयंपाकाची बाजू नव्याने बांधली. १५५९ मधे दुसऱ्या विल्यमने चौकाच्या बाजूला दोन बहुकोनी खिडक्या बाहेर काढल्या, त्या इतक्या चिकटून आहेत की वर त्यांची छपरं एकमेकांना टेकतात. १५६० नंतर लगेच त्याच्या मुलाने, जॉनने, दक्षिणेची बाजू बांधली, म्हणजे पुढचा दरवाजा आणि वरची ती लांबच लांब गॅलरी. शेवटी १६१० च्या आसपास एक छोटं स्वयंपाकघर आणि बिअर गाळायची जागा जोडली आणि तिथे थांबले.

म्हणजे शंभर वर्षं आणि एकाच घराण्याच्या लागोपाठ पिढ्या. कुणीही बसून पूर्ण घराचा नकाशा काढलेला नाही. प्रत्येकाने आधीच्याने केलेल्याला शेजार दिला. मला हे घर आवडतं ते याच्यासाठी, आणि दुसरं म्हणजे ते सगळं सुतारांनी ठरवलेलं आहे. कुठली तुळई किती बाहेर काढायची, कोपरा कसा वळवायचा, नक्षी कुठे संपवायची, सगळं. त्या १५५९ च्या खिडक्यांवर लाकडात मजकूर कोरलाय. आधी देवाचं नाव, मग विल्यम मोर्टनने त्या खिडक्या करवून घेतल्या असं साल घालून, आणि मग दुसऱ्या ओळीत, या खिडक्या देवाच्या कृपेने सुतार रिचर्ड डेलने केल्या. मालकाच्या बरोबरीने सुताराचं नाव, त्याच घराच्या तोंडावर. त्या काळातल्या किती घरांवर असं सापडेल?

ज्यांना लाकूडकामातलं, स्ट्रक्चरमधलं कळतं त्यांनी जरूर लिहा, मला खूप प्रश्न आहेत. पहिला हाच की हे पडत का नाही.

रानजाई
वा, फार छान धागा. एक बेसिक प्रश्न, खंदक आहे म्हणजे लढाईसाठी ना? मग त्याच्या आत लाकडाचं घर? एक जळता बाण टाकला की संपलं की.

ओकपर्ण
रानजाई, लढाईसाठी नव्हताच बहुधा. खंदक घराच्या आधीचा आहे, तेराव्या चौदाव्या शतकातला, साधारण १० मीटर रुंद. त्यावेळी खंदक असणं म्हणजे आपण कोण आहोत ते गावाला दाखवणं. खंदकाला लागून खिडक्या काढल्यात आणि दगडी पूल आहे, उचलायचा पूल नाही, किल्ला करायचा असता तर असं कुणी केलं नसतं. शिवाय त्या बाजूला शौचकूपाचा बुरूज आहे ज्याचं सगळं खंदकात जायचं, तेव्हा खंदकाचा खरा रोजचा उपयोग तो.

शहाबादी
दगड सोडून लाकूड का घेतलं? पैसा तर होता म्हणता.

लोडबेअरिंग
शहाबादी, तिथे जे हाताशी होतं ते. चेशायरचं मैदान म्हणजे चिकणमाती आणि ओकची जंगलं. बांधकामाचा चांगला दगड बैलगाडीने आणणं तेव्हा लाकडापेक्षा कितीतरी महाग पडायचं. पण पूर्वेला लगेच डोंगर सुरू होतात, मो कॉपचा कडा तर जवळच आहे, आणि त्या भागात ग्रिटस्टोन मिळतो, खरखरीत वाळूचा दगड. तो थरांमधे फुटतो म्हणून त्याच्या फरश्या छपरावर घालायची तिकडे पद्धत. लिटल मोर्टनचं छप्पर त्याच फरश्यांचं आहे.

आणि घर वाकडं का आहे त्याचं उत्तर तिथेच आहे. जरा लांबण लागेल पण सांगतोच कारण हे माझ्या आवडीचं आहे.

लाकडी सांगाड्याच्या घरात भिंत वजन घेत नाही. वजन खांब घेतात, खांबांवर आडव्या तुळया, त्यांच्यावर मजल्याच्या कड्या, आणि सगळ्यात वर छपराच्या तिरक्या कैच्या. दगडी फरश्यांचं छप्पर कौलांपेक्षा खूपच जड. तिरकी कैची नेहमी पाय पसरायला बघते, म्हणजे भिंतीचा माथा बाहेर ढकलते. हे थांबवायचा सोपा उपाय म्हणजे दोन्ही पायांना बांधणारी एक आडवी तुळई. पण लांब गॅलरीत ती तुळई नको होती. ती डोक्यावर आली असती आणि मोकळेपणा गेला असता, म्हणून तिथे कमानीसारखे वाकवलेले टेकू दिले, जे सुंदर दिसतात पण बाहेरचा ढकल पूर्ण अडवत नाहीत. त्यात बाजूच्या भिंती म्हणजे जवळपास सगळ्या खिडक्या, आडवा जोर घेणारे तिरपे टेकू बसवायला जागाच ठेवलेली नाही.

त्याच्यावर कहर म्हणजे ही गॅलरी आधीच्या विचारात नव्हतीच असं दिसतं, खालचे दोन मजले बांधायला घेतल्यावर मधेच ठरली असावी. म्हणजे खालचे खांब दोन मजल्यांसाठी निवडलेले आणि त्यांच्यावर २१ मीटर लांबीची काचेची गॅलरी आणि तिच्यावर दगडी छप्पर. खालचे मजले फुगले, वाकले. पुढे बहुधा सतराव्या शतकात कुणीतरी त्या कमानींच्या मधे आडवे दांडे घातले, भिंती अजून बाहेर सरकू नयेत म्हणून. म्हणजे जी तुळई आधी टाळली होती तीच नंतर घालावी लागली. गॅलरीत गेलात तर ते दांडे बघा, नक्षीच्या मधेच येतात, लगेच कळतं की नंतरचे आहेत.

आता पडत का नाही. कारण प्रत्येक सांधा थोडा हलू शकतो. एका ठिकाणी खांब खचला की वजन शेजारच्या सांध्यांकडून दुसऱ्या वाटेने खाली जातं. दगडाच्या भिंतीला तडा जातो, लाकडाचा सांगाडा वाकतो आणि वाकलेल्या आकारात नवा तोल पकडतो. माझ्या मते या घराचा वाकडेपणा हा त्याचा आजार नाही, पाचशे वर्षांचा हिशोब आहे.

सुतारपक्षी
लोडबेअरिंग +१००. सांध्यांबद्दल मी लिहितो, आमच्या घरात तीन पिढ्यांचं सुतारकाम आहे त्यामुळे हे वाचून राहवत नाहीये.

त्या काळी तिकडे ओक ओलाच वापरायचे. झाड पाडलं की फार वाट न बघता तासायला घ्यायचे कारण ओला ओक हत्याराला ऐकतो, वाळल्यावर पटाशी उडवून लावतो. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढायची, दुसऱ्यात तेवढी खोबण, जीभ आत घालून आरपार भोक आणि त्यात ओकचीच खुंटी. खिळे नाहीत. आता यातली हुशारी अशी की जिभेतलं भोक आणि खोबणीतलं भोक मुद्दाम एका रेषेत ठेवत नाहीत, थोडं सरकवून पाडतात, म्हणजे खुंटी ठोकली की ती वाकत आत जाते आणि सांधा ओढून घट्ट धरते. मग पुढची काही वर्षं लाकूड वाळत जातं, आकसतं, पिळतं, आणि सांधा अजून आवळला जातो. घर बांधून झाल्यावर स्वतःच स्वतःला आवळून घेतं म्हणा ना. पण वाळताना तुळई ज्या बाजूला पिळायची तिकडे पिळतेच, तेव्हा लोडबेअरिंग म्हणतात ते वजनाचं कारण खरंच पण थोडा वाकडेपणा ओल्या लाकडाचाही आहे, तो पहिल्या दहावीस वर्षांतच आला असणार.

आणि अशा घरांचा सांगाडा जागेवर घडवत नसत. सगळी लाकडं आधी मैदानात जमिनीवर आडवी मांडून जुळवायची, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही लाकडांवर पटाशीने रोमन आकड्यांसारख्या रेघा मारायच्या, सुटं करायचं, गाडीत घालायचं आणि जागेवर आणून आकडा बघून परत उभं करायचं. रोमन आकडे का, तर पटाशीने सरळ रेघच पटकन मारता येते. जुन्या लाकडी घरांत या खुणा अजून दिसतात. मला त्या खुणा बघायला मिळाल्या तर मी बाकी काही बघणार नाही.

रानजाई
सुतारपक्षी, हे अप्रतिम सांगितलंत. भोक सरकवून पाडायचं हे डोक्यातच आलं नसतं.

चौसोपी
भिंतीत लाकडाच्या मधे जो पांढरा भाग दिसतो तो कशाचा आहे? मी वाचलंय की या घरांत खांबांच्या मधे काठ्या विणून त्याच्यावर चिखल, गवत आणि शेण एकत्र मळून लिंपायचे आणि वरून चुना. हे तर सरळ सरळ आपला कोकणातला कूड झाला. कारवीच्या काठ्या, शेणमाती, तेच तंत्र.

फरक मला सांगाड्याच्या जागेत दिसतो. पुण्यातले, वाईतले वाडे सागवानी खांबतुळयांचेच आहेत, पण तिथे बाहेरून दगड, विटा, मातीची जाड भिंत असते आणि लाकूड आत चौकाकडे तोंड करून असतं. नक्षी चौकातल्या खांबांवर, रस्त्याला फक्त दरवाजा. इथे मात्र सगळं लाकूड बाहेर, पावसात. हे कसं टिकलं?

सुतारपक्षी
चौसोपी, ओकमधे टॅनिन खूप असतं, कीड आणि बुरशी लवकर लागत नाही. पण मुख्य म्हणजे लाकूड भिजलं तरी चालतं, ते पुन्हा वाळायला पाहिजे. शेणमाती आणि चुना ओलावा धरत नाहीत, सोडतात. विसाव्या शतकात बऱ्याच जुन्या घरांत सिमेंटचं प्लॅस्टर केलं तिथे लाकूड आतून कुजलं, कारण पाणी आत जातं आणि सिमेंट बाहेर येऊ देत नाही. खाली दगडी जोतं आहे म्हणून खांबाचा पाय मातीत नाही. आणि वरचा मजला खालच्यापेक्षा बाहेर काढलेला असतो ना, त्याने खालच्या भिंतीवर पाऊस कमी येतो.

ओकपर्ण
बाहेर काढलेल्या मजल्याबद्दल मला सगळ्यांना विचारायचं होतं. ते नक्की पावसासाठीच का? की वर जागा जास्त मिळावी म्हणून? शहरातल्या गल्लीत समजू शकतं, पण इथे मोकळं रान आहे, जागेचा काय तोटा.

लोडबेअरिंग
यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही. मला पटतं ते असं. मजल्याच्या कड्यांचं टोक भिंतीच्या बाहेर काढलं आणि त्या टोकावर वरची भिंत ठेवली की ते वजन कडीचं बाहेरचं टोक खाली दाबतं आणि मधला भाग उचलून धरतं, त्यामुळे खोलीच्या मधोमध जमीन कमी लवते. दुसरं म्हणजे दोन मजले उंचीचे अखंड खांब शोधावे लागत नाहीत, प्रत्येक मजल्याला आखूड खांब पुरतात. आणि तिसरं, श्रीमंती. लाकूड जास्त लागतं, काम अवघड, कोपऱ्यावर तर दोन दिशांच्या कड्या एकत्र आणायला एक तिरपी जाड तुळई घालावी लागते, ते काम चांगल्या सुताराचंच. मोकळ्या रानात हे केलंय म्हणजे तिसरं कारण इथे मोठं असणार.

तसंच भिंतीवरच्या नक्षीचं. हॉलच्या बाजूला माशाच्या काट्यासारख्या तिरप्या पट्ट्या आहेत आणि दुसरीकडे चार पाकळ्यांचे चौकोन. घर उभं राहायला यातल्या कितीतरी लाकडांची गरज नव्हती. लांबून येणाऱ्याला कळावं की या माणसाकडे ओक किती आहे.

कवडसा
खिडक्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. या घरात ३०,००० च्या आसपास छोट्या काचा आहेत, शिशाच्या पट्ट्यांमधे बसवलेल्या. त्यावेळी काच फुंकून करायचे आणि मोठा सपाट तुकडा मिळायचाच नाही, म्हणून लहान तुकडे कापून जोडायचे. पण त्या मर्यादेतूनच त्यांनी नक्षी काढली. चौकोन, शंकरपाळ्याचे आकार, गोल, त्रिकोण, आणि ती बाहेरच्या लाकडाच्या नक्षीशी जुळवून घेतलेली. घराची बाहेरची भिंत आणि खिडकी यांत वेगळं काही वाटतच नाही, एकच कापड विणल्यासारखं.

आणि वर लोडबेअरिंग यांनी सांगितलं त्याला जोडून, शिसं मऊ असतं. चौकट वाकली तर शिसं वाकतं, दोन बोटांएवढी काच आपली जागा थोडी बदलते आणि तशीच राहते. एकसंध मोठी काच असती तर केव्हाच फुटली असती. उन्हाच्या दिवशी प्रत्येक काच वेगळ्या कोनात असल्यामुळे सगळी भिंत चमचमते, ते या वाकण्यामुळेच.

विदा_वाचक
याच्याच मागोमागच्या काळातलं डर्बीशायरमधलं हार्डविक हॉल बघा म्हणजे लिटल मोर्टन किती वेगळं आहे ते कळेल. १५९० ते १५९७ मधे बांधलं, बेस ऑफ हार्डविक या अतिश्रीमंत बाईने, रॉबर्ट स्मिथसनच्या आराखड्यावर. दगडी, सहा बुरूज, दोन्ही बाजू अगदी सारख्या, खिडक्या वर जाताना मोठ्या होत जातात आणि बुरुजांच्या माथ्यावर तिच्या नावाची अक्षरं दगडात कोरून आभाळात उभी केलीत. तिथे पूर्ण घर आधी कागदावर होतं. तिथेही लांब गॅलरी आहे, ती कितीतरी मोठी आणि एकदम सरळ. मला दोन्ही घरं ग्रेट वाटतात, पण हार्डविकला गेल्यावर बेसबद्दल बोलावंसं वाटतं आणि लिटल मोर्टनबद्दल वाचताना घराबद्दल.

शहाबादी
ही लांब गॅलरी नक्की कशाला असायची?

ओकपर्ण
चालायला. पाऊस पडत असेल तेव्हा बायकामाणसं आतल्या आत फेऱ्या मारायची, मुलं खेळायची. राणी एलिझाबेथच्या काळात ज्याच्याकडे गॅलरी नाही तो मागे पडला अशी गत होती, म्हणून तर मधेच ठरवून डोक्यावर चढवली. इथे भिंतीवरच्या लाकडी तक्तपोशीच्या मागे सतराव्या शतकाच्या सुरुवातीचे चार टेनिसचे चेंडू सापडलेत. कुणीतरी मारले, फटीत गेले, आणि तिथेच राहिले.

गॅलरीच्या दोन टोकांना वर त्रिकोणी जागेत प्लॅस्टरमधे दोन चित्रं केलीत. एका टोकाला भाग्यदेवता, डोळ्यावर पट्टी, हातात चाक, तिच्याजवळ अशा अर्थाचा मजकूर की या चाकावर अज्ञानाची सत्ता. दुसऱ्या टोकाला नियती, तिच्यापाशी खगोल, आणि त्याच्यावर ज्ञानाची सत्ता. ही जोडी रॉबर्ट रेकॉर्डच्या १५५६ च्या खगोलशास्त्राच्या पुस्तकातल्या चित्रावरून घेतलीय. हा तोच वेल्श गणिती ज्याने पुढच्याच वर्षी बरोबरचं चिन्ह पहिल्यांदा छापलं. खेड्यातल्या जमीनदाराने खेळायच्या खोलीत हे काढून घ्यावं याचं मला फार कौतुक वाटतं.

कवडसा
चित्रांवरून, त्या घरात खालच्या पार्लरमधे १९७६ साली जॉर्जियन काळातल्या (साधारण अठराव्या शतकातल्या) लाकडी तक्त्यांच्या मागे एलिझाबेथच्या काळातली रंगवलेली भिंत सापडली. त्यात सुझॅनाची बायबलमधली गोष्ट आहे, खोटा आरोप झालेली बाई आणि तिला सोडवणारा दानिएल. काही भाग कागदावर रंगवून भिंतीला चिकटवलाय. आणि खालच्या भागात लाकडी तक्तपोशी आहे असं भासवणारी रंगवलेली तक्तपोशी. म्हणजे आधी रंगाने लाकडाची नक्कल केली आणि दीडदोनशे वर्षांनी तिच्यावर खरं लाकूड ठोकलं. त्या लाकडामुळेच रंग वाचले.

भातुकली
हॉलमधे काय आहे? आत फर्निचर वगैरे?

ओकपर्ण
भातुकली, फर्निचर जवळजवळ नाही, चॅपलमधले बाक सोडले तर मूळचे फक्त तीन नग. एक लांब जेवणाचं टेबल, एक मोठं गोल टेबल आणि खणांचं एक कपाट. घर रिकामं असल्याचा फायदा असा की सांगाडा बघता येतो. मोठा हॉल आता छपरापर्यंत उघडा आहे, कमानदार कैच्यांवर ड्रॅगन वगैरे कोरलेत. सुरुवातीला मधोमध जमिनीवर आगटी असायची आणि मातीच्या जमिनीवर लव्हाळं पसरलेलं. १५५९ मधे त्याच्यात मधला मजला घातला होता, म्हणून तर खिडकी दोन मजली आहे, नंतर तो मजला परत काढून टाकला.

हॉलच्या एका टोकाला आडवी वाट असते, तिच्या पलीकडे स्वयंपाकघर आणि दोन कोठारं, पावाची आणि पेयांची. दुसऱ्या टोकाला मालकाची बसायची जागा. हा मांडणीचा नियम इंग्लंडभर त्या काळच्या मॅनर हाऊसमधे सारखा आहे, एकदा कळला की कुठल्याही घरात शिरल्यावर आपण कुठे उभे आहोत ते कळतं. मालक कुठे, नोकर कुठे, पाहुणा कुठून येणार.

नीट_सांगा
मी जरा वेगळं मत मांडतो. एवढं कौतुक चाललंय पण शेवटी ही बांधकामातली गफलतच ना? खालचे खांब पेलणार नाहीत एवढं वजन वर टाकलं. आज तंत्रज्ञान आहे, जॅक लावून घर सरळ करता येईल, खांब बदलता येतील. १५६० मधे जॉन मोर्टनला वाकडं घर नको होतं, त्याला सरळच हवं होतं. मग त्याच्या मनातलं घर त्याला परत देणं हे जास्त प्रामाणिक नाही का? मी मनापासून विचारतोय.

विदा_वाचक
चांगला प्रश्न आहे. हाच वाद इंग्लंडमधे एकोणिसाव्या शतकात झाला. तेव्हा जुनी चर्च 'मूळ रूपात' आणायच्या नावाखाली मधल्या काळातलं सगळं खरवडून काढत होते. त्याविरुद्ध विल्यम मॉरिस, फिलिप वेब वगैरे मंडळींनी १८७७ मधे जुन्या इमारती वाचवायची संस्था काढली. त्यांचं म्हणणं, दुरुस्ती करा, रोज निगा राखा, पण मागे नेऊ नका. कारण मूळ रूप म्हणजे कुठल्या वर्षाचं? लिटल मोर्टनमधे १५०८ चं घर हवं असेल तर गॅलरी पाडावी लागेल.

लोडबेअरिंग
तांत्रिक बाजूने सांगतो, सरळ करता येणारच नाही. वाळलेल्या ओकने तो आकार कायमचा घेतलाय. तुळई जबरदस्तीने सरळ केली तर ती तरी चिरेल नाहीतर खुंट्या तुटतील, आणि त्यानंतर खिडक्या, प्लॅस्टर, दारं, जे सगळं त्या वाकड्या आकाराला घासून बसवलंय, ते सगळं नवीन करावं लागेल. म्हणजे सरळ घर मिळेल पण ते जॉन मोर्टनचं नसेल, आपलं असेल.

याउलट जे केलं ते बघा. सतराव्या शतकात राजा आणि पार्लमेंट यांच्यात झालेल्या यादवी युद्धात मोर्टन राजाच्या बाजूचे, त्यात घर पार्लमेंटवाल्यांनी सैनिकांसाठी ताब्यात घेतलं, घराणं कर्जात बुडालं, बहुतेक जमीन विकली आणि घर शेतकऱ्यांना भाड्याने दिलं. पुढची दोनशे वर्षं ते शेतघरच होतं. एकोणिसाव्या शतकात चॅपलमधे कोळसा ठेवायचे. मग १८९२ मधे एलिझाबेथ मोर्टन या अँग्लिकन जोगिणीकडे वारशाने आलं. तिने चॅपल पुन्हा लावून घेतलं आणि लांब गॅलरी सावरायला पोलादी सळ्या घातल्या त्याही बहुधा तिनेच. सरळ केली नाही, आहे तिथे धरून ठेवली. १९१२ मधे तिच्यानंतर तिच्या नात्यातल्या चार्ल्स अब्राहम या बिशपकडे गेलं आणि त्यांनी १९३८ मधे नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या तिथल्या संस्थेला दिलं. १९७७ मधे छपराच्या दगडी फरश्या सुटायला आल्याचं लक्षात आलं तेव्हा टप्प्याटप्प्याने छप्पर आणि सांगाडा दुरुस्त केला.

नीट_सांगा
जॉनचं नाही, आपलं असेल, हा मुद्दा पटला. तरी मला वाटतं की धरून ठेवणं हाही एक हस्तक्षेपच आहे, सळ्या म्हणजे १८९२ नंतरचं घर झालं.

लोडबेअरिंग
हो, आहेच. पण त्या सळ्या उद्या काढता येतात. सरळ केलेलं परत वाकडं करता येत नाही.

सुतारपक्षी
केंटमधलं आयथम मोट माहितीये का कुणाला? तेही खंदकातलं मॅनर हाऊस, १३२० च्या दशकातलं, दगड आणि लाकूड मिश्र. तिथे १९८९ ते २००४ पंधरा वर्षं दुरुस्ती चालली, १ कोटी पौंडांच्या वर खर्च. घराचे भाग सुटे करून, प्रत्येक लाकडाची नोंद करून, जेवढं कुजलं तेवढंच कापून नवीन ओकचा तुकडा सांध्याने जोडून परत बसवलं. नवा तुकडा नवाच दिसतो, लपवत नाहीत. आपल्याकडे वाड्याची एक तुळई कुजली की अख्खा वाडा धोकादायक म्हणून पाडायची नोटीस येते. अख्खी तुळई बदलायचीच गरज नसते हो, टोक कुजलेलं असतं, फूटभर.

चौसोपी
सुतारपक्षी, हे शेवटचं वाक्य फार लागलं. आमच्या वाड्यात हेच झालं. टोक कुजलं होतं, आता तिथे पार्किंग आहे.

ओकपर्ण
चौसोपी, वाईट वाटलं वाचून. लिटल मोर्टन वाचलं त्याचं एक कारण मला गरिबी वाटतं. मोर्टनांकडे १७०० नंतर पैसा असता तर त्यांनी शेजाऱ्यांसारखं हे पाडून विटांचं जॉर्जियन घर बांधलं असतं. भाडेकरू शेतकऱ्यांना नवीन बांधायची ऐपत नव्हती आणि अधिकारही नव्हता, छप्पर गळलं तर ठिगळ लावायचं आणि दूध काढायला जायचं. त्यांची नावं कुठल्या खिडकीवर नाहीत, पण दोनशे वर्षं छपराखाली लोक राहिले, चुली पेटल्या म्हणून लाकूड कोरडं राहिलं. बंद घर यापेक्षा लवकर गेलं असतं.

बर्मिंगहॅमकर
मस्त चर्चा. आईबाबा उन्हाळ्यात येतायत, बाबा सिव्हिलमधून रिटायर झालेत, त्यांना हे दाखवायलाच पाहिजे. पण आईचे गुडघे दुखतात. आणि त्या भागात अजून काय बघण्यासारखं आहे याच प्रकारचं?

विदा_वाचक
लाकडीच हवं असेल तर स्टॉकपोर्टजवळ ब्रॅमल हॉल आणि लिव्हरपूलला स्पीक हॉल. स्पीक हॉल चौकाभोवतीचंच आहे आणि चौकात दोन प्रचंड यू वृक्ष आहेत, त्यांना आदम आणि ईव्ह म्हणतात. दगडी आणि आराखडा काढून केलेलं बघायचं तर हार्डविक, पण ते दुसऱ्या दिवशी ठेवा.

ओकपर्ण
बर्मिंगहॅमकर, गॅलरीचा जिना चढायला त्रासदायक आहे आणि वरची जमीन उतरती, गुडघ्यांना जड जाईल. आईंना खाली चौकात बसू दे, तिथूनच सगळ्यात जास्त दिसतं. पुढच्या दरवाजातून आत शिरलात की समोर त्या दोन जुळ्या खिडक्या येतात, रिचर्ड डेलचं नाव तिथेच आहे, मान वर करून वाचावं लागतं. बाबांना गॅलरीत पाठवा आणि ते आडवे दांडे मोजायला सांगा. जायच्या आधी ट्रस्टच्या साईटवर उघडं आहे का ते नक्की बघून घ्या.

सुतारपक्षी
आणि बाबांना सांध्यांवरच्या पटाशीच्या खुणा शोधायला सांगा हो. दिसल्या तर फोटो इथे टाका, शक्यतो जवळून.

बर्मिंगहॅमकर
नक्की टाकतो. बाबांना धाग्याची लिंक पाठवलीये, त्यांचा लगेच फोन आला की तुळयांची रुंदी किती ते कुणी लिहिलं नाही. टेप घेऊन येतायत.